उघडलें म्हणजे बिघडलें काय?

‘उघडूं नकोस, बिघडेल!’ हें वाक्य ज्याच्या कानांवर बालपणीं पडलें नाहीं असा मनुष्य आपल्या वऱ्हाडांत सांपडणें कठीण. घड्याळ असो, शिवणयंत्र असो कीं आजचा भ्रमणध्वनि असो, मुलाचा हात स्क्रूकडे वळला कीं वडील मंडळींच्या तोंडून हें वाक्य आपोआप बाहेर पडतें. परंतु तीच वडील मंडळी शेतावर गेली म्हणजे काय करते? रात्रीं पाण्याची पाळी आली आणि पंपाचा स्टार्टर उचलेना, तर त्याचें झांकण काढून पाहणारे आमच्या रिसोड-मालेगांवकडचे शेतकरी कोणत्या कारखान्याची परवानगी मागावयास जातात? सोयाबीनच्या सुगींत मळणीयंत्र अडलें तर तें खळ्यावरच उकलतें आणि तेथेंच पुन्हां जुळतें. म्हणजे यंत्र उघडणें हा आमच्या जिल्ह्यांत अपराध नाहीं; तें मुलानें उघडणें हा मात्र अपराध आहे, असा कांहींसा अलिखित कायदा दिसतो.

हा कायदा बदलावा असें आमचें मत आहे, व तें मांडण्यास एक लहानसें निमित्त झालें आहे. आमच्या माहितींतील एका विद्यार्थ्यानें गिटारला जोडावयाची एक धातूची पेटी, तळाचे चार स्क्रू काढून, उघडली. आंतील पट्टीचें चित्र वहींत काढलें आणि पेटी पुन्हां बंद केली. ती पूर्वींसारखीच वाजते. तरी घरांत रागवारागवी झालीच. ‘एवढे पैसे मोजून आणलेली वस्तु, आणि हा तिचें पोट फाडून बसला!’ अशी तक्रार आमच्यापर्यंत आली. त्या पालकांचा राग आम्हांस समजतो. परंतु त्या पेटीच्या पोटांत काय होतें हें त्यांनीं एकदां ऐकून घेतलें, तर तो राग फार काळ टिकेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ज्यांनीं विजेची गिटार जवळून पाहिलेली नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. तिला साध्या गिटारसारखें पोकळ पोट बहुधा नसतें. तारांच्या खालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. तार हालली म्हणजे वेटोळ्यांत विजेची सूक्ष्म लहर उठते. साधारणतः व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तीच ध्वनिवर्धकांत मोठी होऊन कर्ण्यांतून बाहेर पडते. मिरवणुकींत किंवा वरातींत जो विजेचा बेंजो आपण ऐकतों त्याचेंही तत्त्व हेंच. आतां वाद्य व ध्वनिवर्धक यांच्यामध्यें, जमिनीवर, जी पायानें दाबावयाची पेटी ठेवतात तिला पेडल म्हणतात. आणि ज्या जातीच्या पेडलविषयीं आम्ही लिहीत आहों तिचें नांव ओव्हरड्राइव्ह. तिचें काम ऐकून कोणीही चकित होईल. स्वच्छ स्वर मुद्दाम अस्वच्छ करणें, हेंच तें काम!

ही विलक्षण आवड कोठून आली? जुने ध्वनिवर्धक व्हॉल्व्हचे असत. त्यांना झेपेल त्याहून मोठ्यानें ते वाजविले म्हणजे लहरींचे माथे चेपले जात, आणि स्वरास एक प्रकारचा खरखरीत जोम येई. अमेरिकेंत मार्टी रॉबिन्स या गायकाचें ‘डोन्ट वरी’ हें गीत १९६१ सालीं गाजलें. त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळीं, नॅशव्हिल येथें, यंत्राचा एक भाग नादुरुस्त झाला व ग्रेडी मार्टिन या वादकाचें वादन फाटक्या आवाजांत उमटलें. तें तसेंच ठेवण्यांत आलें, आणि लोकांना तें इतकें रुचलें कीं १९६२ सालीं तोच बिघाड हुकमी उत्पन्न करणारी ‘मेस्ट्रो फझ-टोन’ नांवाची पेटी बाजारांत आली. ज्या वस्तूचा जन्मच बिघाडांतून झाला ती ‘बिघडेल’ म्हणून मुलांना दटावावें, ही मौज नव्हे काय?

आतां पेटीच्या आंत जाऊं. तेथें एक लहानशी चीप त्या सूक्ष्म लहरीला शंभरपटीपर्यंत वाढवूं पाहते; आणि तिच्या वाटेवर दोन इवलेसे डायोड पहाऱ्यास बसविलेले असतात. डायोड म्हणजे विजेची एकमार्गी झडप. सिलिकॉनचा डायोड सुमारें ०.६ व्होल्टपर्यंत जवळजवळ स्वस्थ असतो; दाब त्याच्या पुढें गेला कीं तो वाट मोकळी करून देतो. आमच्या वाशीमकरांनीं एकबुर्जीचा सांडवा पाहिलाच असेल. जलाशय कितीही भरो, पाणी सांडव्याच्या माथ्यापर्यंत राहतें व वरचें वाहून जातें. दोन डायोड एकमेकांस उलटे जोडले म्हणजे लहरीच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही अंगांस सांडवा बसतो. मात्र उपमा येथेंच थांबवावी लागते. कारण सांडव्याची भिंत सरळ असते, डायोडची धार तशी नसते. त्यावरील दाब अवघा दशांश व्होल्ट वाढला कीं त्यांतील प्रवाह दसपटीच्या घरांत जातो, पण वाढतो तो वळण घेत घेत. म्हणून लहरीचा माथा कात्रीनें कापल्यासारखा न होतां गोलाईनें दबतो. जर्मेनियमचा डायोड याहून आधीं, सुमारें ०.३ व्होल्टलाच वाहूं लागतो. तांबडा उजेड देणारा डायोड, म्हणजे आपल्या ओळखीचा एलईडी, पावणेदोन व्होल्टच्या आसपास जागा होतो. दोन रुपयांची वस्तु बदलली कीं वाद्याचा स्वभाव बदलतो तो असा.

माथा दबला म्हणजे स्वर खराब व्हावा. तो श्रीमंत कां वाटतो? याचें उत्तर आमच्या संगीताच्या भाषेंत फार सुंदर देतां येतें. कोणत्याही शुद्ध लहरीचा आकार बदलला कीं तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पांचपट वेगाच्या लहरी तिच्याबरोबर जन्मास येतात. षड्जाच्या दुप्पट तार षड्ज, तिप्पट वरच्या सप्तकांतील पंचम, पांचपट त्याच्याही वरचा गंधार. वरची व खालची बाजू सारखीच छाटली तर फक्त विषम पटीच्या लहरी निर्माण होतात. म्हणजे पंचम व गंधार उगवतात, तार षड्ज उगवत नाहीं! एका बाजूस एक व दुसऱ्या बाजूस दोन डायोड बसवून छाटणी असमान केली, तरच सम पटीचा तार षड्जही त्यांत येऊन मिळतो. जपानच्या बॉस कंपनीनें १९७७ सालीं काढलेल्या ओडी-१ या पेडलांत अशी असमान छाटणी होती. तिसरा डायोड बसविणाऱ्या त्या जपानी कारागिरानें षड्ज-गंधार हे शब्द ऐकलेही नसतील, परंतु त्यानें केलें तें हेंच.

आणि हें सारें परकें वाटत असेल तर मिरजेचा तंबोरा आठवावा. त्याची घोडी रुंद व किंचित् उतरती असते. कंप पावणारी तार त्या उतारास क्षणोक्षणीं स्पर्श करते. तारेखालीं सुताचा बारीक दोरा सरकवून तो स्पर्श नेमका जुळविला कीं स्वर एकदम खुलतो. त्यास जवारी म्हणतात. (शेतांतल्या ज्वारीशीं तिचा संबंध नाहीं, जरी दाणेदारपणा दोहींकडे आहे.) तार एखाद्या विशिष्ट बिंदूवर छेडली तर कांहीं उपस्वर उमटूं नयेत, असा युरोपांतील शास्त्रज्ञांचा नियम होता. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहून दाखविलें कीं तंबोरा व वीणा यांत, घोडीच्या घडणीमुळें, तेच नियमबाह्य उपस्वर भरघोस निघतात. रामन यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें पुढें १९३० सालीं व दुसऱ्या शोधाकरितां. पण देवघराशेजारच्या कोपऱ्यांत उभें असलेलें वाद्यही शास्त्रज्ञाच्या नजरेनें पाहण्याजोगें असतें, हें त्यांनीं आधींच दाखवून ठेविलें होतें. मिरजेच्या ज्या शिकलगार घराण्यांनीं हीं वाद्यें घडविलीं त्यांचा मूळ धंदा शस्त्रांना धार लावण्याचा. तो हात तंबोऱ्याच्या घोडीवर कानसीनें फिरूं लागला. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें वृत्तपत्रें वाचणाऱ्या पालकांना स्मरत असेल.

तंबोरा व ओव्हरड्राइव्ह एकच, असा मात्र आमचा दावा नाहीं. तसें म्हणणें तंबोऱ्यावर अन्याय होईल. तंबोऱ्यांत प्रत्येक तारेची जवारी तिच्यापुरती असते. पेडलांत सगळ्या तारांची लहर एकत्र येऊन एकाच सांडव्यावरून जाते, म्हणून स्वर एकमेकांत मिसळून नवे स्वर निपजतात. षड्ज व पंचम एकदम वाजविले, तर त्यांच्या आंदोलनांचें प्रमाण दोनास तीन, वजाबाकी एक, म्हणजे खालच्या सप्तकांतील षड्ज फुकट मिळतो आणि आवाज भरदार होतो. तिसरा-चौथा स्वर त्यांत घातला कीं भलतेच पाहुणे डोकावूं लागतात व चिखल होतो. म्हणूनच जोराची छाटणी वापरणारे गिटारवादक षड्ज-पंचमाच्या जोडीवरच बहुतेक भिस्त ठेवतात. त्यांना हें कोणी गणितानें शिकविलेलें नसतें. कानानें समजलेलें असतें.

हें सर्व त्या विद्यार्थ्याला पेटी न उघडतां कळलें असतें काय? पुस्तकावरून कांहीं कळलें असतें, नाहीं असें नाहीं. परंतु उघडल्यानें जें हातीं लागलें तें पाहा. त्याची पेटी ज्या कुळांतील आहे त्याचा मूळ पुरुष म्हणजे जपानांत बनलेलें, इबानेझ कंपनीचें, १९७९ च्या सुमारास निघालेलें ट्यूब स्क्रीमर. आंत मध्यभागीं ४५५८ अशी खूण असलेली आठ पायांची चीप. तिच्या निर्गमापासून आगमाकडे परत येणाऱ्या वाटेवर, उलटसुलट जोडलेले दोन डायोड. त्यांच्याच शेजारीं ५१ हजार ओहमचा रोधक व पांच लाख ओहमचें फिरतें बटण. आगमापासून जमिनीकडे ४.७ हजार ओहमचा रोधक व त्याच्या ओळींत ०.०४७ मायक्रोफॅरडचा संधारक. एवढें चित्र हातांत आलें कीं पुढील काम नववी-दहावीच्या गणिताचें आहे. बटण एका टोकास असतां वाढ सुमारें १२ पट, दुसऱ्या टोकास ११८ पट. तो रोधक व तो संधारक मिळून ७२० आंदोलनांच्या खालच्या स्वरांना कमी वाढवितात. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ८२ आंदोलनांचा, म्हणजे खर्जाचे स्वर फारसे छाटले जात नाहींत, व त्यामुळें चिखल टळतो. आणि सर्वांत मौजेची गोष्ट: चिपेची ही जोडणीच अशी कीं मूळ लहर कधींच नष्ट होत नाहीं. डायोड कितीही वाहोत, बाहेर पडते ती मूळ लहर अधिक छाटलेली लहर. अस्वच्छ करणाऱ्या पेटींत स्वच्छ स्वर असा शाबूत ठेवलेला असतो, हें वरच्या रंगावरून किंवा जाहिरातीवरून कोणास कळलें असतें?

उघडण्याचीही एक रीत आहे. प्रथम दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें. मग एका बाजूचें चित्र उलटवून दुसऱ्यावर बसविणें, म्हणजे तांब्याच्या वाटा कोठून कोठें जातात तें दिसतें. रोधकांवरील रंगांचे पट्टे वाचणें. शंका येईल तेथें, बॅटरी काढून, मल्टिमीटरचीं दोन टोकें लावून वाट सलग आहे कीं नाहीं हें पाहणें. डायोडवरील अक्षरें पुसलेलीं असलीं तरी निराश होण्याचें कारण नाहीं. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून टोकें लावावीं, ०.६ च्या आसपास आंकडा आला तर सिलिकॉन, ०.३ च्या आसपास आला तर जर्मेनियम. टोकें उलट करून पुन्हां लावावीं. एका बाजूनें ०.६ व दुसऱ्या बाजूनें १.२ दिसलें तर तेथें तिसरा डायोड लपलेला आहे. डाखाचा एक थेंबही न वितळवितां हें कळतें. आमच्या मतें या एका कृतींत प्रयोगशाळेंतील चार तासिकांइतकें शिक्षण आहे.

आतां अधिक गंभीर आक्षेपाकडे वळलें पाहिजे. कांहीं सुज्ञ पालक विचारतात, ‘मूल वस्तु मोडणार नाहीं हें मानलें, पण दुसऱ्यानें बुद्धि खर्चून केलेली रचना उघडून उतरवून घेणें ही चोरी नव्हे काय?’ हा प्रश्न टाळण्याजोगा नाहीं, आणि याच धंद्यांतील एक प्रसिद्ध उदाहरण त्याचें उत्तर शोधावयास उपयोगी पडतें. अमेरिकेंत बिल फिनेगन या गृहस्थानें १९९४ पासून पुढें सुमारें पंधरा वर्षें ‘क्लॉन सेंटॉर’ नांवाचें ओव्हरड्राइव्ह पेडल बहुतांशीं स्वतःच्या हातांनीं जुळवून विकलें. सुमारें आठ हजार नग. कोणीं नक्कल करूं नये म्हणून त्यानें आंतील पट्टीवर काळी राळ ओतून सर्व भाग बुजवून टाकले. पुढें कांहीं चिकित्सक लोकांनीं ती राळ सोलून, विरघळवून नकाशा काढलाच. आंत निघालें काय? बाजारांत सहज मिळणाऱ्या चिपा. नऊ व्होल्टच्या बॅटरीपासून अधिक दाब निर्माण करणारी एक चीप. जर्मेनियमचे दोन डायोड. आणि छाटलेल्या लहरींत स्वच्छ लहर हुशारीनें मिसळणारी रचना. राळेखालीं मंत्र नव्हता, विचार होता. तो विचार दिसल्यावर फिनेगनविषयींचा आमचा तरी आदर वाढलाच. आणि नकला कितीही निघाल्या तरी मूळ पेटीचें मोल उतरलें नाहीं. ती आज हजारों डॉलरांस विकली जाते.

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. बेरिंजर या कंपनीनें त्याच पेडलची स्वस्त प्रत काढली, तेव्हां फिनेगननें २०२४ सालीं न्यायालयांत दावा लावला. तो कशाबद्दल? आपलें नांव, आपलें रूप, आपलें चिन्ह यांचा वापर झाल्याबद्दल. वाटेची रेषा येथें स्पष्ट दिसते. दुसऱ्याची रचना समजून घेणें ही विद्या; ती समजून घेऊन स्वतः बनवून पाहणें हा अभ्यास; पण तिच्यावर दुसऱ्याचें नांव घालून ती विकणें ही लबाडी. आपल्या देशाचा कायदाही विद्यार्थ्यांच्या बाजूचा आहे. १९७० च्या पेटंट-कायद्याच्या ४७ व्या कलमान्वयें पेटंट असलेलें यंत्रसुद्धां केवळ प्रयोग, संशोधन किंवा विद्यार्थ्यांना शिकविणें या हेतूनें कोणासही बनवितां व वापरतां येतें. चिपांच्या अंतर्रचनेस संरक्षण देणाऱ्या २००० सालच्या कायद्यांतही शास्त्रीय परीक्षण, पृथक्करण, संशोधन व अध्यापन यांना मोकळीक ठेवलेली आहे. जें कायदेमंडळानें शाळेला मोकळेपणानें दिलें तें आपण घरीं मुलाला नाकारावें, हें विपरीत होय. मुलाकडून एवढेंच मागावें कीं नकाशाखालीं मूळ पेटी कोणाची तें त्यानें स्वच्छ अक्षरांत लिहावें.

दूर अमेरिकेंत जावयाचेंही कारण नाहीं. कोल्हापूरचे आनंदराव व बाबुराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगविणारे बंधु. त्यांना चित्रपट काढावयाचा होता, परंतु कॅमेरा नव्हता. त्यांनीं चित्रें दाखविण्याचें यंत्र, म्हणजे प्रोजेक्टर, मिळवून त्याच्या रचनेचा अभ्यास चालविला. कारण जें यंत्र फीत थांबवीत थांबवीत पुढें सरकवून चित्र दाखवितें, त्याच चालीचें यंत्र चित्र टिपूंही शकेल. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. बाबुरावांनीं, विष्णुपंत दामले यांच्या मदतीनें, १९१८ सालीं स्वदेशी कॅमेरा पुरा केला, व १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढें आला. ‘उघडूं नकोस’ म्हणणारें कोणी त्यांच्या घरांत प्रबळ असतें तर मराठी चित्रपटसृष्टीचा आरंभ वेगळाच झाला असता. ज्या बेंजोवर आपल्या वराती नाचतात त्याचें कूळही असेंच आहे. जपानांतील नागोया शहरीं १९१२ सालीं गोरो मोरिता यानें टंकलेखनयंत्रासारख्या कळा बसवून तैशोगोतो नांवाचें वाद्य केलें. तें हिंदुस्थानांत आलें, येथील कारागिरांनीं तें उलगडून पुन्हां घडविलें, त्याचें बुलबुलतरंग झालें. महाराष्ट्रांत त्याला विजेचें वेटोळें जोडलें गेलें आणि नांव पडलें बेंजो, जरी अमेरिकेंतील बँजो हें अगदीं निराळें वाद्य आहे. इतक्या हातांतून गेलेलें वाद्य आज कोणासही परकें वाटत नाहीं.

राहतां राहिला परीक्षेचा आक्षेप, आणि तो आम्हांस सर्वांत दुबळा वाटतो. बारावीच्या पदार्थविज्ञानांत डायोडचा दाब-प्रवाहाचा आलेख काढण्याचा प्रयोग आहे. विद्यार्थी आंकडे घेतात, वळण काढतात, खालीं निष्कर्ष लिहितात, आणि वही बंद करतात. तेंच वळण कानांनीं ऐकतां येतें हें त्यांना कोणी सांगत नाहीं. ज्यानें तें एकदां ऐकलें तो आलेख विसरणार नाहीं, हें आम्ही खात्रीनें सांगतों. आमचा जिल्हा अकोल्यापासून १९९८ सालीं वेगळा झाला. २०१८ सालीं तो देशांतील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादींत घातला गेला. अशा जिल्ह्यांतील मुलांना महागडीं यंत्रें विकत घेऊन देणें पुष्कळांना शक्य नाहीं हें खरें. पण जुनीं यंत्रें उघडावयास खर्च कसला?

एक निर्बंध मात्र आम्ही कडक ठेवूं. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी वस्तु मुलानें खुशाल उघडावी. भिंतींतील विजेवर चालणारे ध्वनिवर्धक, जुन्या पद्धतीचे दूरदर्शन-संच, इन्व्हर्टर यांना हात लावूं नये. त्यांतील संधारक वीज बंद केल्यावरही धक्का देण्याइतकी वीज धरून ठेवतात. भ्रमणध्वनीची बॅटरी टोचूं नये, ती पेट घेते. येथें ‘उघडूं नकोस’ म्हणणाऱ्या आईबापांच्या आम्ही पूर्णपणें बाजूस आहों. शेतावरच्या स्टार्टरबद्दलही वडील मंडळींनीं हाच नियम स्वतःस लावला तर बरें होईल.

शाळांनीं काय करावें याविषयीं आमची सूचना साधी आहे. प्रयोगशाळेंत एक मेज केवळ उघडलेल्या वस्तूंसाठीं राखावें. त्यावर एक जुनें पेडल, एक स्वस्तांतला मल्टिमीटर, आणि सिलिकॉन, जर्मेनियम व एलईडी अशा तीन जातींचे थोडे डायोड असावेत. डायोडच्या जागीं लहानशी खोबण बसविली म्हणजे डाख न लावतां ते बदलतां येतील. संगीतवर्गांतील तंबोरा एका दुपारपुरता मागून घ्यावा व जवारीचा दोरा काढून आणि घालून दोन्ही स्वर मुलांना ऐकवावे. मग पडद्यामागें एकानें डायोड बदलीत गिटार वाजवावी आणि इतरांनीं, कोणता डायोड आहे हें न सांगतां, काय ऐकूं आलें तें कागदावर लिहावें. मात्र प्रत्येक वेळीं आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी; एलईडीचा आवाज मुळांतच मोठा येतो, आणि मोठा तोच चांगला असें मानण्याकडे कानाचा कल असतो. आमचा अंदाज असा कीं सिलिकॉन व एलईडी यांतील फरक वर्गांतील बहुतेकांना ओळखतां येईल. सिलिकॉनच्याच दोन जातींतील फरक सांगणारा मात्र विरळा निघेल. हा अंदाज खोटा ठरल्यास, कागदांसह, पुढील वर्षींच्या अंकांत तसें छापूं.